रस्त्यावर भीक मागणाऱ्यांना पैसे द्यावेत का?

सिग्नलवर किंवा स्टेशनबाहेर हात पसरणाऱ्याला पैसे द्यावेत की नाही, असे आपण विचारले आहे. असे पैसे अखेर टोळ्यांच्या खिशात किंवा दारूच्या गुत्त्यावर जातात, हे आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणेही सोबत दिले आहे. मी प्रौढ माणसाला पैसे देतो आणि पुढेही देत राहीन. आमच्या घरात घडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्या या ठामपणाचे कारण आपल्याला समजणार नाही.

माझे मामा निवृत्त शिक्षक होते. उतारवयात त्यांना विस्मृतीचा आजार जडला आणि एका दुपारी मामींचा डोळा लागलेला असताना ते घराबाहेर पडले, ते परतलेच नाहीत. पोलिसांत तक्रार नोंदवून झाली, रुग्णालये पालथी घालून झाली. अखेर मामेभाऊ आणि मी त्यांचे छायाचित्र घेऊन स्टेशनांच्या परिसरात विचारपूस करत फिरू लागलो. बहुतेक जण छायाचित्राकडे नीट न पाहताच नकारार्थी मान हलवत. एका पादचारी पुलाच्या पायऱ्यांवर भीक मागणाऱ्या वृद्ध बाईंनी मात्र ते हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाल्या, "हे तर मास्तर." मामा काही दिवस त्यांच्या शेजारी बसत होते. त्यांनी स्वतः कधी हात पुढे केला नव्हता, परंतु मळलेला सदरा आणि वाढलेली दाढी पाहून येणारे-जाणारे त्यांच्यापुढे नाणी टाकत आणि त्या नाण्यांतून या बाई त्यांना चहा-पाव आणून देत. मग एके सकाळी भिकाऱ्यांची धरपकड झाली आणि इतरांबरोबर मामांनाही गाडीत घालून नेण्यात आले. ती गाडी कोठे जाते हे बाईंना पक्के ठाऊक होते, कारण त्या स्वतः पूर्वी तेथे राहून आल्या होत्या.

मी खिशातली नोट काढली तेव्हा मामेभावाने माझा हात धरला आणि म्हणाला, "देऊ नकोस, यांना सवय लागते." ज्या बाईंनी त्याच्या वडिलांना जगवले होते, त्यांच्यासमोर तो हे बोलला. नोट मी दिलीच, परंतु त्या पायऱ्यांवर सुरू झालेला आमचा वाद मामा वारले तरी मिटलेला नाही.

मामा भिक्षेकरी गृहात सापडले आणि त्यांना सोडवण्यासाठी ओळखीचे पुरावे, हमीपत्र आणि न्यायालयाच्या खेपा असे सगळे करावे लागले. भीक न मागणाऱ्या माणसाला भिकारी म्हणून कसे धरता येते, हे मला मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, 1959 वाचल्यावर उमगले. उदरनिर्वाहाचे दिसण्याजोगे साधन नसताना, भिकेवरच जगत असावा असे वाटण्याजोग्या अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी वावरणे हेही या कायद्याच्या व्याख्येत बसते. वॉरंटशिवाय अटक करता येते, पहिल्यांदा दोषी ठरल्यास 1 ते 3 वर्षे संस्थेत डांबता येते आणि वारंवार सापडल्यास ही मुदत 10 वर्षांपर्यंत जाऊ शकते. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्यातील कलमे घटनाबाह्य ठरवली, परंतु तो निकाल दिल्लीपुरताच राहिला. जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यावरून भिकाऱ्यांना हटवण्याचा आदेश देण्यास नकार दिला आणि हा प्रश्न सामाजिक व आर्थिक असल्याचे सांगितले. तरीही इंदूरच्या प्रशासनाने जानेवारी 2025 पासून भीक देणाऱ्यावरच गुन्हा नोंदवण्याची भूमिका घेतली. आपल्या शहरात असा आदेश आहे का, हे मात्र आधी पाहून घ्या.

टोळ्या नाहीत, असे मी म्हणत नाही. परंतु 2011 च्या जनगणनेत भिकारी व भटके म्हणून नोंदलेली माणसे 4 लाखांहून अधिक होती, आणि ती सगळी कोणा मुकादमाच्या हाताखाली आहेत असे गृहीत धरणे हा हात आखडता घेण्याचा सोयीस्कर बहाणा आहे. दारूचा आक्षेपही तपासून पाहावा. कॅनडातील व्हँकुव्हर येथे 50 बेघर व्यक्तींना प्रत्येकी 7,500 कॅनेडियन डॉलर विनाअट देण्यात आले; 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे बेघर राहण्याचे दिवस घटले आणि व्यसनांवरचा खर्च वाढला नाही. गंभीर व्यसनाधीन व्यक्ती त्या प्रयोगात घेतल्या नव्हत्या आणि ती रक्कमही मोठी होती, म्हणून सिग्नलवर दिलेल्या नाण्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

लहान मुलांच्या हातात पैसे मी देत नाही. मुलाची कमाई जितकी चांगली, तितके त्याला शाळेऐवजी रस्त्यावर ठेवणाऱ्याचे फावते. बालन्याय अधिनियम, 2015 प्रमाणे मुलाला भिकेला लावणाऱ्यास 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा वेळी मुलांसाठीच्या 1098 या मदत क्रमांकावर कळवावे. एखादी वृद्ध व्यक्ती गोंधळलेली वाटली, तर नाव, गाव, पूर्वीचे काम विचारावे आणि ज्येष्ठांसाठीच्या 14567 या क्रमांकावर फोन करावा.

माझा मामेभाऊ आणि आपले सहकारी यावर म्हणतील की पैसे संस्थांना द्यावेत. जरूर द्यावेत, मीही देतो. परंतु त्या पुलावर मामा भुकेले बसले होते, तेव्हा कोणतीही संस्था तेथे आली नव्हती, आणि सरकारी व्यवस्था आली ती त्यांना गाडीत घालण्यासाठी. मामेभावाने त्यानंतर किती संस्थांना देणगी दिली, असे मी त्याला अनेकदा विचारले आहे. उत्तरादाखल तो पुन्हा सवयीचाच मुद्दा काढतो. मामा मास्तर आहेत, हे मात्र त्या पायऱ्यांवर एका भिकारणीनेच त्यांना विचारून घेतले होते. आपल्या सहकाऱ्यांनाही एवढे विचारून पाहा की जे पैसे ते रस्त्यावर देत नाहीत, ते कोठे देतात. त्यांनी एखादे ठिकाण खरोखर सांगितले, तर त्यांच्याशी माझा वाद नाही.