वखार, वकिलात आणि धरणगावचा तथाकथित कारखाना

अमळनेरहून इतिहासाच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: "१८१७ मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्याशी तहाची बोलणी चालू असताना इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने पुण्याची रेसिडेन्सी मुळा-मुठेच्या संगमावरून हलवावी की नाही, या विषयावर निबंध लिहिते आहे. रेसिडेन्सीला मराठीत काय म्हणू? एकांनी 'वखार' सुचवले, मैत्रीण 'दूतावास' म्हणते. आणि 'स्थलांतर' लिहू की 'हलवणे'? जाता जाता, आपल्या धरणगावला इंग्रजांचा कारखाना होता ना, तिथे काय तयार व्हायचे?"

जाता जाता विचारलेला प्रश्नच आधी घेतो, कारण तो ऐकून ऐकून मी वैतागलो आहे. सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांत, शाळांच्या सहलींत, गावाची माहिती सांगणाऱ्या फलकांवर, सगळीकडे "धरणगावचा इंग्रजांचा कारखाना". त्या कारखान्यात काहीही तयार होत नसे, कारण तो कारखाना नव्हताच. ती वखार होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांत 'फॅक्टर' नावाचा एक दर्जा असे. माल पारखणे, विणकरांना आगाऊ रक्कम देणे, कापड गोळा करून सुरतेला रवाना करणे हे त्याचे काम. आपल्या भाषेत गुमास्ता. हा फॅक्टर जिथे राहतो आणि माल साठवतो ती 'फॅक्टरी'. पोर्तुगीजांची 'फेइतोरिया' हीच. पुढे यंत्रे आली, इंग्रजीत तो शब्द गिरणीला चिकटला, आणि आपले भाषांतरकार आजचा अर्थ घेऊन सतराव्या शतकात शिरले. कापड विणले जात होते ते विणकरांच्या घरच्या मागावर.

त्यात आणखी गंमत अशी की सतराव्या शतकातल्या मराठीत 'कारखाना' हा शब्द होता, पण त्याचाही अर्थ वेगळा होता. शिवाजी महाराजांचे अठरा कारखाने म्हणजे राज्याची खाती आणि कोठारे. त्या अर्थाने कुणी 'कारखाना' म्हणत असेल तर एकवेळ चालेल, पण तसे कुणी म्हणत नाही. म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चिमणी आणि भोंगा असतो.

हिंदी पुस्तके वाचून लिहिणारे 'इंग्रजांची कोठी' लिहितात. खानदेशात कोठी म्हणजे ज्वारी-बाजरी साठवायची. कोष्ठ या संस्कृत शब्दाचे ते लेकरू, चांगल्या कुळातले, पण मराठीत त्याचे काम वेगळे.

आता मूळ प्रश्न. रेसिडेन्सी म्हणजे वकिलात. वखार अजिबात नव्हे. एका राज्याने दुसऱ्या दरबारात बोलणी करण्यासाठी ठेवलेला माणूस तो वकील, आणि त्याचे पद, कचेरी, मुक्काम ही वकिलात. अरबीत या शब्दाच्या मुळाशी 'सोपवणे' आहे: ज्याच्यावर काम सोपवले तो वकील. कोर्टातला वकील हा नंतरचा, आणि त्याचा धंदा ती वकिली. वकिली आणि वकिलात यांतला फरक आपल्या आजोबांना सांगावा लागत नव्हता. १३ जून १८१७ च्या पुणे तहात एक कलम होते की पेशव्याने इतर दरबारांत आपले वकील ठेवायचे नाहीत आणि त्यांचे आपल्याकडे ठेवून घ्यायचे नाहीत. हे कलम वाचून "म्हणजे पेशव्यांना खटले लढवायची बंदी झाली" असे लिहिलेला एक प्रकल्प मी स्वतः पाहिला आहे. 'दूतावास' हा नव्या राष्ट्रांच्या व्यवहारातला शब्द आहे. तो १८१७ च्या वाक्यात घातला की संगमावर झेंडा आणि व्हिसाची रांग दिसू लागते. वकिलात लिहावे.

पण वखार हा शब्द कुठून आला, हे एकदा नीट मांडू द्या.

रावेर-सावद्याकडच्या बोलीत ळ चा य होऊन केळीची केयी होते, पण वखारीची वखारच राहते. केळी पिकायला टाकायची ती वखार, लाकूड विकायला ठेवायचे ती वखार, आणि सरकारचे धान्यसाठ्याचे महामंडळही वखार महामंडळच. शब्द जिवंत आहे आणि त्याचा अर्थ चार शतकांत ढळलेला नाही. गुजरातीत हाच शब्द, हाच अर्थ. हिंदीत 'बखार' म्हणजे धान्याचे कोठार. तेव्हा हा शब्द इंग्रजांबरोबर आला, डचांबरोबर आला, फारसीतून आला, असल्या गोष्टी सोडून द्या. प्राकृतात 'वक्खार' आहे, आणि त्याचे संस्कृत रूप 'वक्षस्कार'.

आणि आता माझ्या आवडीची गोष्ट. जैनांच्या भूगोलात महाविदेह क्षेत्राचे भाग पाडणारे जे पर्वत आहेत त्यांचे नाव वक्खार, म्हणजे वक्षस्कार पर्वत. जंबुद्वीपप्रज्ञप्ती या आगमात, म्हणजे जैन धर्मग्रंथात, सात प्रकरणे आहेत, आणि त्या प्रकरणांनाही वक्षस्कारच म्हणतात! डोंगराची भिंत, ग्रंथाचे प्रकरण आणि मालाची कोठडी, तिन्हींना एकच शब्द. तिन्हींत समान काय? मोठ्या जागेचा एक कप्पा आखून घेणे. वक्ष म्हणजे छाती, छातीशी धरून ठेवणारी ती वखार, अशी कवितेसारखी उकल मला एका प्राध्यापकांनी सुनावली होती. मला ती पटत नाही. माझे मत असे की मूळ शब्द प्राकृतच, कप्पा या अर्थाचा. पंडितांनी नंतर त्याला संस्कृत कपडे चढवले, तेव्हा 'वक्ख' ला जवळचा म्हणून वक्षस् सापडला. छाती तिथे मागाहून आली. जैन व्यापारी गुजरातेत, खानदेशात, मारवाडात शतकानुशतके माल साठवत आले. ज्यांच्या पोथीत हा शब्द प्रकरणाला आहे त्यांच्याच दुकानामागे तो कोठडीला आहे, हा योगायोग मी मानत नाही.

याच प्राध्यापकांनी दुसरा तर्क मांडला की वखार 'वखर' या शेतीच्या अवजारावरून आली, वखर ठेवायची जागा ती वखार. वखराची पाळी घालणाऱ्या एका तरी शेतकऱ्याला त्यांनी विचारायला हवे होते. वखर बांधावर नाहीतर गोठ्यात पडलेला असतो. त्यासाठी कोणी कोठार बांधत नाही. दोन शब्दांत एका कान्याचा फरक आहे एवढ्यावर नाते जुळवायचे असेल तर बखर आणि बखार यांचेही लग्न लावा. ज्या खानदेशातल्या धुळ्यात १९२६ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी देह ठेवला, तिथल्या माणसांनी तरी व्युत्पत्ती इतकी स्वस्त करू नये. राजवाड्यांच्या कित्येक व्युत्पत्ती मला मान्य नाहीत, पण ते शब्दामागे कागद शोधत.

कागदच घ्यायचा तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा, म्हणजे त्यांच्या राजनीतीवरच्या ग्रंथाचा, घ्या, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, जागा मागतात, त्यांना ती द्यावी का आणि द्यायची तर कुठे, हा तुमच्या निबंधाचाच विषय त्यात आहे, फक्त यजमानाच्या बाजूने. पंत सांगतात की खाडीच्या शेजारी, समुद्रतीरी जागा देऊ नये, कारण आरमाराच्या बळावर ते तिथे किल्लाच उभा करतील आणि तेवढी जागा राज्यातून गेली. द्यायचीच तर आत, किनाऱ्यापासून काही कोसांवर, राजापुरासारख्या मातबर शहरात, तीही सखल आणि शहराच्या ताब्यात राहील अशी. पक्के घर बांधू द्यायचे नाही. आणि अशी जागा नेमून देऊन तिथे काय करावे? "वखारा घालवाव्या".

आजचा वाचक इथे ठेचकाळतो. घालवणे म्हणजे हाकलणे ना? एका चर्चेत मी ऐकले, "पाहा, अमात्यांनी तेव्हाच सांगितले होते, वखारी घालवून द्या." अगदी उलटे! हे घालवणे 'घालणे' चे प्रयोजक रूप आहे. आपण मंडप घालतो, कुंपण घालतो, तशी वखार घालतात, आणि दुसऱ्याकडून घालून घ्यायची तर ती घालवावी. वाक्याचा अर्थ 'वखारी मांडायला लावाव्या'. एक क्रियापद चुकले आणि सावध परवानगीचा हुकूम हद्दपारीचा झाला.

राजापूरचे उदाहरण पंत उगाच देत नाहीत. तिथली इंग्रजांची वखार १६६१ मध्ये महाराजांनी लुटली आणि उठली. नंतर कित्येक वर्षे बोलणी चालली ती याच मुद्द्यावर. महाराजांना इंग्रज राजापुरी परत हवे होते, आणि मुंबईकर इंग्रज म्हणत की आधी नुकसानभरपाई. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडी होता, तेव्हा तहाची कलमे ठरली आणि दहा हजार होनांची भरपाई कबूल झाली. त्याच साली इंग्रजांची वखार धरणगावात होती, आणि पुढच्याच वर्षी मराठ्यांनी ती लुटली. तह झालेला असताना लूट कशी, असे विचारणाऱ्यांनी एवढे पाहावे की धरणगाव तेव्हा मोगलांच्या खानदेश सुभ्यात होते. १६७९ मध्ये पुन्हा लूट, १६८५ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेकडून तिसरी. हे 'कारखान्यावरचे हल्ले' नव्हेत. भरलेल्या गोदामाकडे फौजा वळल्या, आणि एवढ्यासाठीच मी शब्दावर अडून बसतो.

हलवणे की स्थलांतर? स्थलांतर माणसे करतात, पाखरे करतात. कचेरी आपण हलवतो. पण तुमच्या निबंधात त्याहून मोठी अडचण आहे. तह जूनमध्ये झाला. १ नोव्हेंबर १८१७ ला हलली ती इंग्रज फौजेची छावणी, पुण्यातल्या गारपिरावरून खडकीला. वकिलात संगमावरच होती आणि एल्फिन्स्टनही तिथेच राहिला. ५ नोव्हेंबरला पेशव्याचा निरोप आला की गोरी पलटण परत पाठवा आणि छावणी आम्ही सांगू तिथे न्या. तोही छावणीबद्दल. एल्फिन्स्टनने नकार दिला, नदी ओलांडून खडकी गाठली, आणि मागे वकिलात जळाली. तेव्हा "छावणी हलवली, वकिलात उठली" असे लिहा. उठणे हे ठाण्याचे, वखारीचे, बाजाराचे क्रियापद आहे, इथे ते चपखल बसते.

धरणगाव, एरंडोल, चोपडा या पट्ट्यात कुणाच्या घरी जुने मोडी कागद असतील आणि त्यांत वखार शब्द आला असेल, तर पुढचे क्रियापद तेवढे उतरवून मला पाठवा. घातली, मांडली की बसवली? कोकणातला दाखला माझ्याकडे आहे, खानदेशातला अजून मिळायचा आहे.