परदेश पाहिल्याने घराकडे पाहण्याची दृष्टी खरोखर बदलते का?

परदेशप्रवासाने आपल्या घरच्या जगण्याकडे पाहण्याची दृष्टी व्यापक होते, असे जे म्हणतात ते कितपत खरे आहे, असा आपला प्रश्न आहे. माझ्यापुरते सांगायचे तर ते खरे ठरले, आणि ते कोठे व कशामुळे घडले हेही मला नेमके सांगता येते.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. आजोबा विणकामासाठी तेलंगणातून येथे आले, वडिलांनी आयुष्यभर जॅकार्डच्या, म्हणजे विणीतच नक्षी उमटवणाऱ्या मागावरच्या, चादरी विणल्या, आणि मी टॉवेलकडे वळलो. २०२४ च्या जानेवारीत फ्रँकफर्ट येथील हाइमटेक्स्टिल या घरगुती कापडाच्या प्रदर्शनासाठी मी प्रथमच देशाबाहेर गेलो. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, तोंडावर घर सोडून जातो म्हणून आई नाराज होती, आणि तिचे म्हणणे मला पटतही होते. प्रदर्शन संपल्यावर एक दिवस हाती उरला, तो मी जर्मनीतल्याच आउग्सबुर्ग या शहरासाठी ठेवला. तेही आमच्यासारखेच विणकरांचे गाव होते, एवढे मला ठाऊक होते.

तेथे १८३६ साली स्थापन झालेली लोकरीच्या सुताची एक गिरणी बंद पडल्यानंतर तिच्याच इमारतीत २०१० मध्ये वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उघडले. सोलापूरची पहिली गिरणी १८७७ ची. ती बंद पडल्यावर ‘जुनी मिल’ हे नाव आमच्याकडे मुख्यतः पत्ता सांगण्यापुरते उरले. त्या संग्रहालयात एका कापड छपाई कारखान्याच्या पाचशेहून अधिक नमुनावह्या जपलेल्या आहेत आणि त्यांतील सर्वांत जुन्या अठराव्या शतकाच्या अखेरीच्या आहेत. काचेखाली उघडून ठेवलेल्या एका वहीच्या पानावर बोटभर रुंदीचे कापडाचे तुकडे ओळीने चिकटवलेले होते आणि प्रत्येकापाशी शाईने क्रमांक घातलेला होता. त्या पानापुढे मी बराच वेळ उभा राहिलो, कारण तसाच कागद मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

चादरीवर मोर उमटवायचा तर आधी तो चौकटीच्या कागदावर घर न् घर भरून काढावा लागतो. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडली जातात, आणि ताण्याचा, म्हणजे उभा, कोणता धागा उचलला जाईल हे ती भोके ठरवतात. वडिलांनी काढलेले असे कागद आमच्या माळ्यावर गठ्ठ्यांनी पडून होते. त्यांतील एक गठ्ठा एका दिवाळीच्या साफसफाईत मी स्वतः रद्दीवाल्याला किलोच्या भावाने दिला होता, आणि वडील तेव्हा काहीच बोलले नव्हते. आउग्सबुर्गमध्ये मला तो गठ्ठा आठवला आणि फार वाईट वाटले.

मात्र तिकडचे सगळेच हेवा करण्याजोगे आहे, असे मला वाटले नाही. त्या दालनातील माग पाहुण्यांसमोर थोडा वेळ चालवून बंद करतात, तर आमच्याकडे यंत्रमागांचा खडखडाट अजून पोटासाठी चालू आहे. त्यांनी जतन केले ते बरेचसे धंदा संपल्यावर. आपल्याला ते धंदा चालू असताना, विणणारा माणूस समोर बसलेला असताना करता येईल, हे तेथे उभे राहिल्यावरच माझ्या ध्यानात आले.

पाण्याचेही तसेच झाले. पिण्याचे पाणी आणि इतर वापराचे पाणी त्या शहराने सोळाव्या शतकापासून वेगळे ठेवले आहे, आणि त्या जलव्यवस्थेला २०१९ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आमच्याकडे उजनी धरणाचे पाणी काही दिवसांआड येते, आणि नळ आला की पिंपातले उरलेले पाणी शिळे म्हणून ओतून द्यायचे, अशी घरोघरची रीत आहे. परतल्यावर मी अंगणात एक वेगळे पिंप ठेवले. ते पाणी आता फरशी धुण्याला आणि झाडांना जाते. आईनेही चार-सहा आठवड्यांत ते मनावर घेतले.

माळ्यावर उरलेले कागद मी खाली उतरवले, तेव्हा ते एकूण त्रेचाळीस निघाले. रोज संध्याकाळी एक कागद वडिलांपुढे पसरतो आणि ते सांगतील ते मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून घेतो: कोणत्या सालची चादर, किती रंगांची, कोणत्या पेठेतल्या मागावर विणलेली. परवा मोराच्या कागदावर त्यांनी डोळ्याजवळच्या एका घरावर बोट ठेवले आणि म्हणाले, “हे एक घर जास्तीचे भरले गेले होते बघ. पहिल्या बारा चादरींत दिसायचे. मग रात्री बसून ती पट्टी बदलली.”