नवी मुलं तीन महिन्यांत सोडून जात असतील, तर त्यांना शिकवतं कोण ते आधी बघा

तुमचा प्रश्न वाचला. चाकणला सुट्या भागांचा कारखाना, शंभर-सव्वाशे माणसं, आयटीआय झालेली मुलं येतात आणि तीन महिन्यांच्या आत निघून जातात. मालक म्हणतात पगार वाढवून बघू, सुपरवायझर म्हणतात हल्लीच्या पोरांना कष्टच नकोत, आणि दोघांच्या मध्ये एचआर म्हणून तुम्ही. भोसरी-चाकण पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

शेजारच्या कंपनीत हजार रुपये जास्त मिळतात म्हणून काही जण जातात, हे खरंच आहे. पण कोण कधी गेलं ते हजेरीपटावर बघा. पंधरा दिवसांत गेलेल्याचं आणि सोयाबीन काढणीला गावी जाऊन परत न आलेल्याचं कारण एक नसतं. आपल्याकडची बरीच मुलं मराठवाडा-विदर्भातली. पेरणीला आणि काढणीला घरून फोन येणारच. रजा नाकारली की मुलगा नोकरीच सोडतो. त्यापेक्षा सप्टेंबरातच लाइनप्रमाणे पाळ्या लावून कोण कधी जाणार ते ठरवून टाका.

पंधरा दिवसांत जाणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे. सुपरवायझरला साहेब काय विचारतात? शिफ्टचं प्रॉडक्शन आणि रिजेक्शन. नवा मुलगा शिकला का, हे कोणी विचारत नाही. मग तो म्हणतो, ‘जा, त्याच्या शेजारी उभा राहून बघ.’ मुलगा दोन दिवस बघतो, तिसऱ्या दिवशी मशीनवर उभा राहतो, जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचे भाग, रिजेक्ट होतात आणि सगळ्या लाइनसमोर बोलणी खातो. रात्री कॉट बेसिसच्या खोलीवर तो मित्राला विचारतो, तुमच्याकडे जागा आहे का. याला कष्टांचा कंटाळा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ दरम्यान, अमेरिकेत कारखान्यात कधी पाऊल न टाकलेल्या माणसांना झटपट तयार करावं लागलं. त्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम निघाला. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटानेही उचलला. त्यात आधी सुपरवायझरला शिकवायचं कसं ते शिकवतात. पायऱ्या चारच: मुलाची भीती घालवून त्याला काय येतं ते विचारा, काम तुकड्या-तुकड्यांत करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग मधून मधून येऊन बघा. तिसरी पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. मुलगा काम करताना प्रत्येक टप्पा आणि त्याचं कारण त्याने स्वतः बोलून दाखवलं पाहिजे. जॉब लावण्याआधी चकचे जॉ, म्हणजे मशीनवर जॉब पकडणारे जबडे, ब्रशने साफ करायचे, हे सगळेच सांगतात. धातूची चिप, म्हणजे कीस, तिथे राहिली तर जॉब तिरका बसतो आणि माप जातं, हे फार थोडे सांगतात. कारण कळलेला मुलगा रात्रपाळीत कोणी बघत नसतानाही जॉ साफ करतो.

शिकवायला सगळ्यात वेगवान ऑपरेटर नेमू नका, शांत माणूस नेमा. आणि मालकांकडून एक गोष्ट मान्य करून घ्याच: शिकवण्याच्या दिवसांत त्या लाइनचं टार्गेट कमी धरायचं. हे होणार नसेल तर बाकीचं सगळं ट्रेनिंग रजिस्टरमधल्या सह्यांपुरतं राहील.

आता मुलाला कंपनीत मिळणाऱ्या आधाराबद्दल. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, नोंदणी रुजू झाल्यापासून दहा दिवसांत करायची असते, तरी कार्ड महिनोन् महिने मुलाच्या हातात पडत नाही. पगारातून ०.७५ टक्के कापलेले तेवढे त्याला दिसतात. औषधोपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, गावी असलेल्या अवलंबून आई-वडिलांनाही तिकडच्या दवाखान्यात सोय घेता येते, हे त्याला माहीतच नसतं. आजारपणात ७० टक्के वेतन वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतं, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. कामावर इजा झाली तर ही अट नाही आणि ९० टक्के मिळतात. हे सगळं पहिल्याच आठवड्यात समोर बसवून मराठीत सांगा, घरच्यांची नावं तिथेच भरून घ्या. अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या मुलांना मात्र ईएसआय आणि पीएफ लागू नसतं. त्यांना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी थेट कंपनीवर येते, हे मालकांच्या कानावर आधीच घाला.

राजीनाम्याच्या वेळच्या मुलाखतीवर फार विसंबू नका. हिशोब अडकेल या भीतीने मुलगा ‘घरी अडचण आहे’ एवढंच सांगतो. पैसे हातात पडल्यावर महिन्याने फोन करा, तेव्हा खरं बोलतो.

गेल्या सहा महिन्यांत सोडून गेलेल्यांची यादी करा: किती दिवसांनी गेले, कोणत्या लाइनवर होते, कोणाच्या हाताखाली होते. नावं वगळून ती इथे टाका, म्हणजे सुरुवात कोणत्या लाइनपासून करायची ते नेमकं सांगता येईल.