पदवीच्या नावाआधी विषयपत्रिका वाच

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाषाशिक्षक होण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण साहित्यात घ्यावे, भाषाविज्ञानात की भाषाअध्यापनात, असे तू विचारले आहेस. तिन्ही वाटांनी उत्तम शिक्षक घडतात. पण साहित्याचा अभ्यासक्रम मुख्यतः संहिता वाचायला शिकवतो आणि भाषाविज्ञान भाषेची रचना उलगडून दाखवते. शिकणाऱ्याच्या मनात नवी भाषा कशी आकार घेते आणि शिक्षकाने त्यात केव्हा हस्तक्षेप करावा, हा प्रश्न मध्यवर्ती असतो तो भाषाअध्यापनात आणि त्याला जोडून येणाऱ्या उपयोजित भाषाविज्ञानात, म्हणजे भाषाविज्ञानाच्या व्यावहारिक वापराच्या शाखेत. वर्गात उभे राहण्याचा तुझा निश्चय पक्का असेल, तर मी ही तिसरी वाट सुचवीन.

तरीही नुसत्या पदवीच्या नावावर विसंबू नकोस. अभ्यासक्रमाची विषयपत्रिका, म्हणजे त्यातल्या विषयांची यादी, मिळव आणि तिच्यात प्रत्यक्ष अध्यापनाच्या सरावाला किती जागा आहे, ते सर्वांत आधी पाहा. सराव खऱ्या विद्यार्थ्यांसमोर होतो की सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसतात, मागच्या बाकावर बसून कोणी अनुभवी शिक्षक तुझा तास पाहतो का, तासानंतर त्यावर सविस्तर चर्चा होते का आणि तोच पाठ सुधारून पुन्हा घेण्याची संधी मिळते का, हे विभागाला स्पष्टपणे विचार. याची उत्तरे गुळमुळीत आली, तर संस्थेचा लौकिक कितीही मोठा असो, मी तरी तिथे प्रवेश घेण्याचा सल्ला देणार नाही.

सिद्धान्ताचे विषय कोरडे वाटतील, पण ते टाळू नकोस. १९६७ साली भाषावैज्ञानिक पिट कॉर्डर यांनी असे मांडले की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या शिकण्याचा पुरावा होय. पुढे १९७२ मध्ये भाषावैज्ञानिक लॅरी सेलिंकर यांनी शिकणाऱ्याची स्वतःची अशी, मातृभाषा आणि नवी भाषा यांच्या मधली, एक भाषाव्यवस्था असते, ही कल्पना विस्ताराने मांडली. याचा वर्गात उपयोग काय, ते पाहा. मराठी शिकणारा एखादा जण ‘मी काम करले’ असे म्हणतो, तेव्हा ‘धरले’, ‘भरले’ यांमागचा नियम त्याला गवसलेला असतो आणि ‘केले’ हा अपवाद तेवढा राहिलेला असतो. हे ओळखणारी शिक्षिका त्याला अडाणी ठरवत नाही आणि सगळा भूतकाळ पुन्हा पहिल्यापासून शिकवायलाही घेत नाही. मातृभाषा शिकवणाऱ्याला तर हा अभ्यास अधिकच लागतो, कारण जे नियम आपण नकळत पाळतो, ते दुसऱ्याला समजावून सांगणे फार अवघड जाते.

अध्यापनपद्धतींविषयी एवढेच सांगतो की कोणत्याही एका पद्धतीची भक्त होऊ नकोस. सर्वांसाठी सर्वोत्तम अशी एकच पद्धत नसते, हे भाषाअध्यापनतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९९० साली साधार मांडले आहे. मूल्यमापनाचा विषय मात्र ऐच्छिक असला तरी घे. युरोप परिषद या युरोपीय देशांच्या संघटनेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषांसाठीच्या सामायिक संदर्भ-चौकटीत (CEFR) भाषिक क्षमतेच्या सहा पातळ्या आहेत आणि विद्यार्थी त्या भाषेत काय करू शकतो, यावर त्या ठरतात. प्रश्नपत्रिका काढताना ही दृष्टी फार उपयोगी पडते. (चांगली प्रश्नपत्रिका काढणे हे चांगला तास घेण्यापेक्षा कठीण आहे, असे माझे मत आहे.)

शिक्षण चालू असताना स्वतःला सर्वस्वी अपरिचित असलेली एखादी भाषा, शक्यतो वेगळ्या लिपीतली, शिकायला घे. सर्वांसमोर चुकीचे बोलण्याचा संकोच कोणत्याही ग्रंथातून कळत नाही. पीएच.डी.चा विचार एवढ्यातच नको. संशोधनाचे प्रश्न काही काळ शिकवल्यावर अधिक नेमके सुचतात.

अर्ज करण्यापूर्वी काही महिने कोणाला तरी नियमित शिकव आणि प्रत्येक तासाची नोंद ठेव. अर्जासोबतच्या हेतुपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) भाषेवरील प्रेमाचे परिच्छेद सगळेच लिहितात. तू त्या नोंदींतला एखादा न सुटलेला प्रश्न मांड. मसुदा तयार झाला की मला पाठव.

तुझा शुभचिंतक