वाचकांचे प्रश्न : सर्व्हर बदलताना

प्रश्न : आमच्या ओपन सोर्स प्रकल्पाचे गिट रेपो (कोडचे भांडार), पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालणारी विकी आणि मेलमॅन २ या प्रणालीवरची मेलिंग लिस्ट, सगळे डेबियन ९ या लिनक्स आवृत्तीच्या एकाच मशीनवर आहे. डेबियन १२ च्या नव्या सर्व्हरवर जायचे आहे. काम कोणत्या क्रमाने करावे?

उत्तर : पहिला हात डीएनएसला, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेला, लावा. टीटीएल (पत्ता किती वेळ साठवायचा ती मुदत) ८६,४०० सेकंद असेल, तर जगभरचे रिझॉल्व्हर (पत्ता शोधून देणारे सर्व्हर) जुना पत्ता दिवसभर धरून ठेवतात. तो ३०० वर आणा, आणि तेही दोन दिवस आधी. कारण जुनी मुदत सरल्याशिवाय नवी लागू होत नाही. प्रत्यक्ष बदलाच्या वेळी ‘ए’ नोंदीबरोबर (आयपीव्ही४ पत्ता) ‘क्वाड-ए’ही (आयपीव्ही६ पत्ता) बदला. ती राहिली तर आयपीव्ही६ वाले जुन्याच मशीनवर जात राहतात.

फायली आरसिंक या नक्कल करणाऱ्या साधनाने दोन फेऱ्यांत न्या : पहिली सगळे चालू असताना, दुसरी लिहिणे बंद केल्यावर ‘डिलीट’ पर्यायासह (जुन्यावरून काढलेल्या फायली नव्यावरूनही जातात). दुसऱ्या फेरीत फक्त फरक जातो, त्यामुळे खोळंबा थोडाच होतो. नव्या मशीनवर त्याच नावांचे युजर आधी तयार करा. मग आरसिंक नावावरून मालकी जुळवते. नावाऐवजी युजरचा क्रमांक जुळवणारा ‘न्यूमेरिक-आयडीज’ पर्याय इथे देऊ नका. जुन्या मशीनवर १००१ म्हणजे गिट आणि नव्यावर दुसरेच कोणी असले, तर पहिल्याच पुशला (गिटवर कोड पाठवताना) ‘परवानगी नाही’ असे उत्तर येते.

पोस्टग्रेस ९.६ वरून १५ वर जाईल. डेटा डिरेक्टरी उचलून नेली तर ते सुरूच होणार नाही. नव्या मशीनवरच्या १५ च्या पीजी-डंपने जुन्या डेटाबेसचा डंप (सगळ्या मजकुराची प्रत) काढा. युजर आणि पासवर्ड त्यात येत नाहीत, ते पीजी-डंपऑलने वेगळे घ्या. डंपचा आणखी एक फायदा आहे. लिनक्सची मूळ सी लायब्ररी ग्लिब्सी हिच्या २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले, त्यामुळे जुनीच डेटा डिरेक्टरी नव्या ग्लिब्सीवर चालवली की मजकुरावरचे इंडेक्स (शोधासाठीच्या सूची) बिघडू शकतात : पान टेबलात असते, पण शोधल्यावर सापडत नाही. डंपमधून इंडेक्स नव्याने बांधले जातात.

एसएसएच होस्ट-की (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) जुन्याच न्या, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवून. नाहीतर प्रत्येकाला ‘होस्टची ओळख बदलली आहे’ हा इशारा दिसेल. तो न वाचता पुढे जायची सवय आपण लोकांना लावू नये.

प्रश्न : मेलमॅन ३ वर गेल्यावर जुन्या चर्चांचे दुवे टिकतील का? आणि मधल्या वेळेत आलेले मेल?

उत्तर : दुवे आपोआप टिकत नाहीत, आणि याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बग रिपोर्टांत, कमिटच्या संदेशांत ‘पायपरमेल’चे (मेलमॅन २ च्या संग्रहाचे) पत्ते वर्षानुवर्षे लिहिलेले असतात. जुनी एचटीएमएल पाने त्याच मार्गावर तशीच ठेवा. नेताना ‘पब्लिक’ फोल्डरवर थांबू नका. त्यात नुसत्या सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) असतात, खरी पाने ‘प्रायव्हेट’मध्ये.

सभासद आणि सेटिंग्ज मेलमॅन ३ च्या ‘इम्पोर्ट२१’ आज्ञेने येतात, जुने मेल एमबॉक्स फायलीतून (सगळे मेल एकाखाली एक असलेली फाइल) हायपरकिटीत, म्हणजे मेलमॅन ३ च्या संग्रहात. एमबॉक्समध्ये ‘फ्रॉम’ने सुरू होणारी ओळ म्हणजे नवा मेल. कुणाच्या मजकुरातच तशी ओळ असली, तर एका मेलचे दोन तुकडे होतात आणि दुसऱ्याला ना विषय, ना तारीख. अशा ओळी दुरुस्त करणारी, मेलमॅन २ बरोबर येणारी ‘क्लीनआर्च’ स्क्रिप्ट आधी चालवा.

मधल्या वेळेत पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर सरळ बंद ठेवा. पाठवणारे सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा प्रयत्न करतात. अर्धवट बसवलेले पोस्टफिक्स चालू राहिले, तर ते ‘असा पत्ता नाही’ म्हणून मेल कायमचा परत करते. नव्या आयपीची पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) आणि एसपीएफ (कोणते सर्व्हर आपल्या नावाने मेल पाठवू शकतात ती यादी) आधीच लावा, डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) खासगी की सोबत न्या. मेल पाठवायचा पोर्ट २५ बाहेर जायला मोकळा आहे का, हे सर्व्हर घेण्यापूर्वीच विचारा.

प्रश्न : जुने मशीन कधी बंद करावे?

उत्तर : दोन आठवडे ठेवा, पण त्यावरचे सगळे क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे) पहिल्याच दिवशी थांबवा, नाहीतर सभासदांना प्रत्येक सूचना दोनदा जाईल. रोज लॉग पाहा. तिथे अजून कोणी येत असेल, तर कुठल्या तरी स्क्रिप्टमध्ये जुना आयपी थेट लिहिलेला आहे.