वाचकांचे प्रश्न : ॲडव्हेंटिस्ट पदवी परदेशात चालेल का?

प्रश्न : मुलीला बारावीनंतर पुण्याच्या स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठात बीए करायचं आहे. पुढे एमएसाठी अमेरिका मनात आहे. ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या चर्चच्या जागतिक मंडळाची मान्यता असली म्हणजे पुरे ना?
— एक पालक, अहिल्यानगर

उत्तर : नाही पुरत. ॲडव्हेंटिस्ट अ‍ॅक्रेडिटिंग असोसिएशन हे चर्चचं स्वतःचं मंडळ. मिशिगनमधल्या अँड्र्यूजसारख्या ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठात अर्ज करताना त्या मान्यतेचा उपयोग होतो. सरकारी नोकरीच्या छाननीत ती कुणी विचारत नाही. तिथे विद्यापीठ कोणत्या कायद्याने झालं ते बघतात. १९१५ साली कोइमतूरला सुरू झालेली ही संस्था १९४२ मध्ये पुण्यात आली आणि २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने खासगी विद्यापीठ झाली. पण गफलत होते ती विद्यापीठाच्या नावात नव्हे, कोर्समध्ये. बीएडला एनसीटीईची, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची मान्यता लागते, नर्सिंगला नर्सिंग कौन्सिलची. ज्या वर्षी प्रवेश, त्या वर्षाचं मान्यतापत्र मागून घ्या.

आता अमेरिका. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारं माप. आपल्या तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. तिकडच्या चार वर्षांच्या पदवीलाही १२० च्या आसपासच असतात, म्हणून आकडा जुळला असं समजू नका. बरीच विद्यापीठं वर्षं मोजतात. चौथं वर्ष मिळत असेल तर करावं, हे आमचं स्पष्ट मत.

पहिल्या सत्रापासून प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम तासांसकट शिक्क्यानिशी जपून ठेवा. इथले क्रेडिट तिकडे धरून घ्यायला, म्हणजे क्रेडिट ट्रान्सफरला, नुसती गुणपत्रिका पुरत नाही, आणि पाच वर्षांनी जुना सिलॅबस विभागातही सापडत नाही. ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचं पाकीट विद्यापीठच बंद करतं, जोडावर सही-शिक्का मारतं. उत्सुकतेपोटी घरी फोडलं की ते बाद. आणि नाव! गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, मध्ये वडिलांचं कधी आहे, कधी गायब. ही दुरुस्ती पदवी छापण्याआधीच करून घ्या.

प्रश्न : परीक्षा शनिवारी आली तर?
— विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : ॲडव्हेंटिस्टांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. ॲडव्हेंटिस्ट कॅम्पसवर हा प्रश्न येत नाही, बाहेर येतो. वेळापत्रक लागल्याबरोबर परीक्षा विभागाला लेखी अर्ज द्या, पास्टरांचं लेटरहेडवरचं पत्र जोडा, पोच घ्या. आदल्या आठवड्यात गेलात तर सहानुभूतीपलीकडे काही मिळत नाही. परदेशासाठी लागणारी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा कॉम्प्युटरवर द्या. त्यात इतर वारही मिळतात.

प्रश्न : परदेशी विद्यापीठाची पदवी इथल्याच एखाद्या केंद्रात बसून घेतली तर भारतात चालते का?
— वाचक, मडगाव

उत्तर : केंद्र फ्रँचायझीचं, म्हणजे परदेशी विद्यापीठाच्या नावाने दुसऱ्याच संस्थेने चालवलेलं असेल तर नाही. यूजीसीच्या २०२५ च्या समकक्षता नियमांत अशा पदव्यांना जागा नाही. नर्सिंग, फार्मसी, वकिली तर या नियमांच्या कक्षेतच येत नाहीत, त्यांचं त्यांच्या कौन्सिलकडे. पदवीपत्रावर कुणाचं नाव छापलं जाणार आणि वर्ग कुठे भरणार, हे दोन्ही फी भरण्याआधी लेखी घ्या. तोंडी उत्तर मिळालं तर पैसे भरू नका.