टीबीचं निदान उशिरा झालं तर घरच्यांना कितपत धोका?

बराच. खरा प्रसार होतो तो औषध सुरू होण्याआधीच. फुफ्फुसाचा टीबी उपचाराविना राहिला तर एक रुग्ण वर्षभरात जवळच्या ५ ते १५ जणांना संसर्ग देऊ शकतो. ते सगळे आजारी पडत नाहीत, पण लहान मुलं आणि मधुमेहींना धोका जास्त.

आपल्याकडे उशीर होतो तो मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणण्यात आणि डॉक्टर बदलण्यात. त्यात लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक मिळालं की चार दिवस बरं वाटतं नि निदान आणखी लांबतं. (हे सर्रास दिलं जातं, दुर्दैवाने.)

साधा टीबी (म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणारा) असेल तर योग्य औषधांनी साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरवण्याची शक्यता खूप घटते. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी करा, मोफत होते. घरच्यांचीही करून घ्या.